पीक-अ-बू आणि स्पूकी: युटाच्या वाळवंटातल्या दोन अरुंद घळी गटाने एका दिवसात कशा कराव्यात

अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचा नैऋत्येचा दौरा साधारण ठरलेला असतो: लास व्हेगास, झायन, ब्राइस, ग्रँड कॅन्यन आणि जमलं तर पेजचं अँटिलोप. ब्राइसपासून तासाभरावर हायवे १२ वर एस्कलांटे नावाचं छोटं गाव आहे. तिथे थांबणारे मात्र थोडे. या गावाच्या दक्षिणेला, ग्रँड स्टेअरकेस-एस्कलांटे नॅशनल मॉन्युमेंट या सरकारी संरक्षित प्रदेशाच्या हद्दीत, पीक-अ-बू आणि स्पूकी या दोन घळी शेजारी-शेजारी आहेत. एक चढून जायची, दुसरीतून उतरून यायचं. दिवसाच्या फेरीला तिकीट लागत नाही, गाइडची सक्ती नाही, कठडे नाहीत. सगळी जबाबदारी आपल्यावर.

मी ओळखीच्या लोकांचे गट घेऊन इथे जाते आणि दरवेळी तेच प्रश्न येतात, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढते आहे. एक गोष्ट मात्र सगळ्यात आधी. घळीत शिरल्यावर गटाला निर्णय घ्यायला जागाच उरत नाही. ओळीतला एक थांबला की मागचे सगळे थांबतात आणि परत फिरायचं तर सगळ्यात मागच्याने आधी वळावं लागतं. त्यामुळे कोण जाणार, कोण थांबणार, आजचं आभाळ चालेल का, हे सगळं गाडी लावली तिथेच ठरलं पाहिजे.

१. कोण जाणार ते आधी ठरवा

वरच्या पार्किंगपासून दोन्ही घळी धरून फेरी साधारण सहा मैलांची होते. नेहमी ट्रेक करणाऱ्याला अंतर काहीच वाटणार नाही. कस लागतो तो हातापायांच्या कामात आणि अरुंदपणात. सांदण दरी केलेल्यांना भिंतींमधून चालण्याचा अंदाज असतो, पण सांदणची रुंदी इथे मनातून काढून टाका. स्पूकीत काही ठिकाणी दोन भिंतींमध्ये फूटभरही जागा नाही.

घरीच एक चाचणी करा. दार फूटभर उघडं ठेवा, पाठ चौकटीला लावा, मान एका बाजूला वळवा आणि आडवं सरकत बाहेर या. पोट आत ओढावं लागलं तरी हरकत नाही. छातीच अडकत असेल तर स्पूकी तुमच्यासाठी नाही, आणि त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही. पीक-अ-बू करा आणि स्पूकीच्या बाहेरच्या अंगाने खाली या. बंद लिफ्टमध्ये ज्यांचा श्वास कोंडतो त्यांनीही हेच करावं.

सहा-सात वर्षांपुढची, चालायची सवय असलेली मुलं इथे मोठ्यांपेक्षा सहज जातात. पाठीवरच्या कॅरिअरमधल्या बाळाला मात्र आणू नका. कॅरिअर मावतच नाही.

भारतातून आलेल्या आई-बाबांचं काय, हा प्रश्न आपल्या प्रत्येक गटात असतोच. गुडघे चांगले असतील तर त्यांना या घळींच्या तोंडाशी असलेल्या ड्राय फोर्क ओढ्यापर्यंत आणा आणि ड्राय फोर्क नॅरोज दाखवा. ती घळ रुंद आणि सपाट आहे, उंच भिंतींमधून निवांत चालता येतं. फक्त परतताना वाळूची चढण आहे, ती त्यांना आधी सांगा. गुडघे साथ देत नसतील तर घळींकडे जाणाऱ्या होल-इन-द-रॉक या कच्च्या रस्त्यावर साधारण बाराव्या मैलाला डेव्हिल्स गार्डन लागतं. दगडांचे चित्रविचित्र सुळके, कमानी, बसायला टेबलं आणि टॉयलेट, सगळं गाडीपासून चार पावलांवर. त्यांच्यासोबत गटातला एक गाडी चालवणारा ठेवा, कारण फोन लागणार नाही.

२. महिना निवडताना पाण्याचा विचार करा

एप्रिल-मे आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हे चांगले महिने. जून कडक उन्हाचा. जुलैपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत इथला मॉन्सून असतो, आणि लेबर डेची (सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची) सुट्टी नेमकी त्यात येते. सुट्टी जोडून मिळते म्हणून तो वीकेंड धरू नका.

वाळवंटात पूर कसा येतो हे आपल्याकडच्या पावसात वाढलेल्या माणसाला पटकन पटत नाही. इथला कातळ उघडा आहे, पाणी मुरत नाही. मैलोगणती पसरलेल्या कातळावर पडलेली सर उतार शोधत याच फटींत येते. घळी कोरल्या त्या याच पाण्याने आणि त्यासोबतच्या वाळूने. १२ ऑगस्ट १९९७ रोजी पेजजवळच्या लोअर अँटिलोपमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस पडला होता दूर, वरच्या अंगाला. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनमधल्या कीहोल कॅन्यनमध्ये सात जणांचा गट होता, त्यातला एकही वाचला नाही. आपल्या डोक्यावरचं आभाळ निळं आहे एवढ्यावर कधीही आत जाऊ नका.

नॅशनल वेदर सर्व्हिसचं सॉल्ट लेक सिटी कार्यालय दक्षिण युटाच्या उद्यानांसाठी पुराच्या शक्यतेची श्रेणी देतं: ‘नॉट एक्सपेक्टेड’, ‘पॉसिबल’, ‘प्रॉबेबल’, ‘एक्सपेक्टेड’. माझा नियम सोपा आहे. पहिली श्रेणी असेल तरच जायचं. बाकी तिन्हींत गट ब्राइसला जातो. ‘पॉसिबल म्हणजे नक्की थोडंच आहे’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो. त्याला हा नियम बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा.

३. बारापेक्षा जास्त माणसं नकोत

या मॉन्युमेंटच्या आतल्या भागात एका गटात जास्तीत जास्त १२ जण चालतात. मंडळाच्या ग्रुपवर निरोप टाकला की वीस नावं सहज येतात, तेव्हा नावं घेतानाच आकडा बंद करा. नियम नसता तरी मी आठवरच थांबले असते. पीक-अ-बूच्या तोंडाशी असलेल्या पहिल्या उभ्या कातळावर एकेकाला चढायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तेवढा वेळ बाकीचे खाली ताटकळतात.

पुढे एक अनुभवी, मागे एक अनुभवी. मागच्याने कोणत्याही कारणाने पुढे यायचं नाही. मुलं आणि बिचकणारी माणसं मधे, प्रत्येकाच्या पुढेमागे एक धीट माणूस. नवरा-बायकोची जोडी शक्यतो फोडा. एकमेकांना सूचना देण्यात दोघांचंही पावलांवरचं लक्ष उडतं.

४. गाडी: इथेच बहुतेक बेत फसतात

एस्कलांटेपासून पूर्वेला सुमारे पाच मैलांवर हायवेवरून होल-इन-द-रॉक रोड उजवीकडे फुटतो. १८७९-८० मध्ये मॉर्मन वसाहतकऱ्यांनी आपल्या घोडागाड्या याच वाटेने कोलोरॅडो नदीकडे नेल्या आणि शेवटी कड्यातल्या फटीतून खाली उतरवल्या. रस्त्याचं नाव त्या फटीवरून. जाताना उजव्या हाताला स्ट्रेट क्लिफ्सची लांबच लांब भिंत सोबत असते.

ड्राय फोर्कचं वळण साधारण २६ मैलांवर आहे आणि तेवढा सगळा रस्ता कच्चा आहे. आडव्या लाटांसारख्या खळ्या पडलेल्या असतात, गाडी खडखडत चालते. एक तास धरा, गर्दी आणि खळ्या जास्त असतील तर सव्वा-दीड. कोरडा असताना साधी गाडी बहुधा जाते. ओला झाला की मातीचा साबण होतो आणि फोर-व्हील ड्राइव्हचीही चाकं नुसती फिरतात. पाऊस पडून गेला असेल तर जाऊ नका. आत असताना सर आली तर रस्ता वाळेपर्यंत गाडी जागेवरच ठेवा. त्यासाठी एका रात्रीचं पाणी, खाणं आणि पांघरूण गाडीत हवं.

भाड्याची गाडी असेल तर करार वाचा. बऱ्याच कंपन्यांच्या करारात कच्च्या रस्त्यावर नेलेल्या गाडीला विमा लागू नसतो. टायर फुटला किंवा गाडी ओढून आणावी लागली तर सगळा खर्च तुमचा. स्टेपनी पूर्ण मापाची आहे का आणि जॅक आहे का, हे गाडी ताब्यात घेतानाच डिकी उघडून पाहा. टाकी एस्कलांटेत पूर्ण भरा, पुढे पंप नाही.

वळणानंतर दोन पार्किंग आहेत. वरच्यापर्यंत साधी गाडी जाते. खालच्याकडे जाणारा तुकडा खडकाळ आहे, उंच गाडीशिवाय तिकडे वळू नका. वाचलेल्या मैलापेक्षा फुटलेला ऑइल पॅन महाग पडतो.

फिनिक्स किंवा पेजहून येणाऱ्यांनी घड्याळ जपा. उन्हाळी वेळेत युटा ॲरिझोनाच्या एक तास पुढे असतं. ‘सकाळी सातला भेटू’ म्हणताना कोणत्या राज्याचे सात, ते बोला.

५. सामान आणि कागद

कागद थोडेच: ड्रायव्हिंग लायसन्स, गाडीचा करार आणि विमा, हेल्थ इन्शुरन्स कार्ड. आई-बाबा सोबत असतील तर त्यांच्या व्हिजिटर पॉलिसीत साहसी खेळ वगळले आहेत का ते पाहून घ्या. प्रत्येकाच्या खिशात एक चिठ्ठी हवी: नाव, रक्तगट, चालू औषधं, ॲलर्जी, घरचा नंबर. फोन लॉक असतो, चिठ्ठी कोणीही वाचू शकतं.

पाणी माणशी तीन ते चार लिटर. त्यातली निम्मी बाटली साखर-मीठ-लिंबाची ठेवा, इलेक्ट्रॉल मिळालं तर उत्तमच. खायला चुरा न होणारं: थेपले, दशम्या, चिक्की, खजूर.

सॅक लहान आणि मऊ हवी, पंधरा लिटरच्या आतली, बाहेर काही लोंबकळू नये. ट्रेकिंग पोल नको, हात मोकळे पाहिजेत. बूट पकड असलेल्या रबरी तळाचे. कपडे जुने आणि पूर्ण बाह्यांचे, कारण स्पूकीच्या भिंती कापड खातात. महागडं जॅकेट गाडीत ठेवा.

गटासाठी दहा मीटर दोर किंवा रुंद पट्टा, प्रथमोपचार, शिट्टी, दोन हेडलॅम्प, ऑफलाइन उतरवलेला नकाशा आणि सॅटेलाइट मेसेंजर. नवीन आयफोनवर सॅटेलाइट एसओएस आहे, पण त्याला मोकळं आभाळ लागतं. घळीच्या तळातून त्याचा भरवसा धरू नका.

बेत, गाडीचा नंबर आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत मागव’ ही वेळ, असं तिन्ही लिहून बाहेर राहणाऱ्या एका जबाबदार माणसाला पाठवा.

६. आदल्या दिवशी गावातल्या केंद्रात जा

एस्कलांटे इंटरएजन्सी व्हिजिटर सेंटर गावाच्या पश्चिम टोकाला हायवेवरच आहे. रस्ता कसा आहे, पीक-अ-बूच्या तोंडाशी पाणी आहे का, स्पूकीत नवे दगड आले आहेत का, हे तीन प्रश्न विचारा. पुरानंतर घळीची तळजमीन बदलते. वाळू वाहून गेली तर पहिला कातळ चार फुटांनी उंच होतो, भरली तर बुटका. दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ पाहून आलेल्याला हे कळत नाही. मुक्काम करणार असाल तर परवाना इथेच विचारा.

७. पार्किंगपासून ओढ्यापर्यंत

आठच्या आत चालायला लागा. नोंदवहीत गटाची नोंद करा. मग आभाळ पाहा, विशेषतः स्ट्रेट क्लिफ्सच्या वर आणि उत्तरेला. काळे ढग जमत असतील तर इथूनच परत.

वाट कातळावरून आणि वाळूतून खाली उतरते, रचलेल्या दगडांच्या खुणा आहेत. खुणांवरच राहा. वाळूवर काळसर, खरबरीत पापुद्रा दिसेल. ती जिवंत माती आहे, एका पावलाने मोडते आणि पुन्हा धरायला कित्येक वर्षं लागतात. मुलांना हे सांगितलं की तीच मोठ्यांना टोकतात.

ओढ्याच्या तळाशी आलात की समोरच्या भिंतीत पीक-अ-बूचं तोंड. डाव्या हाताला, वरच्या अंगाला, ड्राय फोर्क नॅरोज. उजवीकडे खाली अर्ध्या मैलावर स्पूकी. इथे मागे वळून आपण कुठून उतरलो त्या जागेचा फोटो काढून ठेवा. परतताना सगळ्या वाळूच्या उतरणी सारख्याच दिसतात.

८. पीक-अ-बू: खालून वर

दिशा हीच ठेवा: पीक-अ-बू चढायची, स्पूकी उतरायची. बहुतेक लोक याच क्रमाने जातात, आणि उलट आलेल्या गटाला मधे बाजूला व्हायला जागा नसते.

सुरुवातीलाच बारा-पंधरा फुटांचा उभा कातळ आहे. त्यात पाय ठेवायला खाचा कोरलेल्या आहेत. चढण्याआधी बुटाचे तळ पँटला घासून पुसा. बूट घसरतो तो तळाला चिकटलेल्या वाळूमुळे. खाचेत बुटाचं टोक सरळ घाला, टाच किंचित खाली, अंग कातळापासून थोडं लांब. घाबरलेला माणूस कातळाला बिलगतो, मग त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. खालच्याने वरच्याची टाच हाताने धरून खाचेत बसवून द्यावी आणि ‘पाय बसला’ असं मोठ्याने सांगावं. गुडघा टेकवू नका. एकदा टेकला की त्यावरून उठता येत नाही. सगळ्यात धीट गडी आधी वर जातो, बसून दोराचं टोक धरतो, सॅका आधी दोराने वर जातात, मग माणसं. दोर आधाराला आहे, त्यावर पूर्ण वजन टाकून लोंबकळायचं नाही. कोणाला या कातळावर दोन प्रयत्नांत जमलं नाही तर तिसरा करायला लावू नका. त्याने सोबत्याबरोबर नॅरोज पाहून यावं.

पाऊस होऊन गेला असेल तर तोंडाशी गढूळ डबकं असतं, कधी मांडीपर्यंत. थंडगार असतं. खोली पाहिल्याशिवाय उतरू नका.

पुढे दगडी रांजण आणि लगोलग दोन कमानी. त्या कमानींखालून वाकून जाताना भिंतीवरचे नारिंगी-जांभळे पट्टे हाताच्या अंतरावर येतात. ज्युरासिक काळातल्या वाळूच्या टेकड्यांचे थर आहेत ते, वाऱ्याने जसे रचले तसे तिरके. फोटो जरूर काढा, पण लीडरने थांबायची जागा ठरवावी. तोंडाशी दुसरा गट खोळंबलेला असतो. भिंतीवर नावं कोरू नका आणि कोरलेली दिसली तर शेजारी बारीकसंसुद्धा काही खरडू नका.

९. वरचा उघडा पट्टा

घळ संपते आणि तुम्ही वाळूच्या माळावर येता. डोकी मोजा. उजवीकडे, पूर्वेला, साधारण अर्धा मैल दगडांच्या खुणांनी चालायचं आहे. सावली नाही. पाणी इथेच प्या आणि खाऊन घ्या, स्पूकीत सॅक उघडता येणार नाही. आभाळ पुन्हा पाहा. ज्यांना स्पूकी करायची नाही त्यांनी इथून दोघातिघांच्या जोडीने बाहेरून खाली उतरावं, एकट्याने कधीही नाही.

१०. स्पूकी: वरून खाली

शिरण्याआधी घड्याळ, बांगड्या, गळ्यातलं सगळं काढून सॅकेत. मंगळसूत्रसुद्धा काढा किंवा कपड्याच्या आत नीट सरकवा, भिंतीच्या टेंगळांत अडकतं. सॅक पाठीवर घेऊ नका. मागच्या हातात धरून सोबत ओढत न्यायची.

वरच्या भागात मोठमोठे दगड अडकलेले आहेत. त्यांच्यामधून, खालून उतरायचं असतं. कातळाकडे तोंड करा, पाय आधी सोडा, पायाला आधार लागल्याशिवाय हात सोडू नका. उडी मारू नका. खाली वाळू दिसते, पण तिच्याखाली दगड असतो आणि घोटा मुरगळलेल्या माणसाला इथून बाहेर काढणं फार अवघड आहे. आधीच्या कोणी बांधलेला दोर लोंबकळत असेल तर त्यावर विसंबू नका. उन्हाने आणि वाळूने तो आतून कधी कुजला ते दिसत नाही. आपला दोर वापरा, शेवटच्याने तो सोडवून आणायचा. एक जण उतरून बाजूला झाला की ‘मोकळं’ अशी हाक द्यायची, त्यानंतरच पुढचा.

मग खरी अरुंद फट सुरू होते. उजेड कमी होतो, भिंती खरबरीत होतात. आडवं व्हा, मान आधीच पुढच्या दिशेला वळवा, कारण फटीत गेल्यावर वळत नाही. छातीपेक्षा वर किंवा खाली जागा जास्त असेल तर तिथून सरका. अडकल्यासारखं वाटलं की माणूस श्वास आत भरतो आणि आणखी अडकतो. श्वास पूर्ण सोडा आणि तेवढ्यात एक पाऊल सरका. मागच्याने शांतपणे बोलत राहायचं, ढकलायचं नाही. रॅटलस्नेकना इथली थंडावलेली वाळू आवडते, म्हणून हात-पाय ठेवण्याआधी बघा. दिसला तर थांबा, मागे सरका, त्याला जाऊ द्या.

बाहेर ओढ्यात आलात की पुन्हा डोकी मोजा. कोणी तरी ‘पुढे ब्रिमस्टोन आहे, तीही पाहू’ म्हणेल. ती आणखी अरुंद आणि अंधारी आहे, दिवसाच्या गटाने तिच्या वाटेला जाऊ नये.

११. परतीची चढण

स्पूकीतून बाहेर पडून उजवीकडे, ओढ्याने वर. पीक-अ-बूच्या तोंडापर्यंत येऊन सकाळी काढलेला फोटो पाहा आणि तीच उतरण शोधा. दुपारच्या उन्हात ही वाळूची चढण दमवते. मजा संपली असं समजून सगळ्यांनी पाणी संपवलेलं असतं, म्हणून माणशी अर्धा लिटर इथल्यासाठी राखून ठेवायला लावा. गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा.

कचरा, संत्र्याची सालंसुद्धा, पिशवीत भरून परत न्या. वाळवंटात ती कुजत नाहीत. वापरलेला टॉयलेट पेपरही तसाच बंद पिशवीत. गाडीशी आल्यावर टायर पाहून घ्या. उजेडातच निघा, रात्री या रस्त्यावर गुरं बसलेली असतात. डेव्हिल्स गार्डनला आई-बाबांना घ्या, आणि एस्कलांटेत रेंज आली की जेवणाची ऑर्डर देण्याआधी ज्याला बेत पाठवला होता त्याला फोन करा.